मुलगी रोझरीला बसत नाही

बडोद्याहून एका आईचं पत्र आलं आहे. कुटुंब मूळचं वसईकडचं, कॅथलिक. यजमान मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला. घरात सासूबाई, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. गावाकडच्या शिरस्त्याप्रमाणे रोज रात्री आठला घरात रोझरी, म्हणजे मण्यामण्याला 'नमो मारिया' म्हणत जाणारी मारियामातेची जपमाळ, होते; ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, त्यात तर ती चुकवायची नाहीच. पण बडोद्यात नवरात्रही त्याच सुमारास येतं आणि आठ वाजले की खाली सोसायटीत गरब्याचा स्पीकर सुरू होतो. मुलीचं लक्ष मण्यांवर राहत नाही. "तेच तेच त्रेपन्न वेळा का म्हणायचं?" असं तिने आजीला विचारलं, त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता. मागच्या आठवड्यात घरोघर फिरणारी फातिमा मातेची (मारियेची) मूर्ती यांच्या घरी आली, विभागातली वीसेक माणसं जमली. रोझरीतलं तिसरं रहस्य (येशू-मारियेच्या जीवनातला एक प्रसंग आणि त्यावरचे दहा मणी) मुलीने सांगायचं ठरलं होतं. ऐन वेळी ती "मी नाही म्हणणार" म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. गेल्या वर्षी तिने गुजरातीतून म्हटलं तेव्हा एक-दोन मुलं हसली होती, असं आईने ओघात लिहिलं आहे. लोक गेल्यावर आई तिला खूप बोलली. मुलगा मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बाकाखालून रांगतो आणि पुढच्यांच्या माना मागे वळतात. यजमानांचं म्हणणं, अठरा वर्षांची झाली की ठरवेल तिचं ती, आता मागे लागू नका. सासूबाईंचं म्हणणं, आता सुटलं तर कायमचं सुटलं. आईचे प्रश्न असे: सक्ती करायची की सोडून द्यायचं? मुलांनी नेमक्या कोणत्या भाषेत प्रार्थना करावी? आणि महिनाअखेरीला पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, पटांगणात समारोपाची रोझरी आहे, तिथे मुलीला न्यायचं का, लोकांना काय सांगायचं?

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: गेल्या वर्षी एक-दोन मुलं हसली होती. तुम्ही ते लिहून लगेच पुढे गेलात. सासूबाई काय म्हणाल्या, लोकांना काय वाटलं असेल, याकडे वळलात. मला मात्र सगळी गाठ तिथेच दिसते.

मुलीने प्रार्थनेला नकार दिला, असं तुम्ही धरून चालला आहात. तिने नेमका कशाला नकार दिला, ते जरा शांतपणे बघू या. शाळा इंग्रजी, घर मराठी, आजीची बोली आणखी वेगळी, सोसायटीतल्या मैत्रिणी गुजराती. खेळताना लागणारी गुजराती तिला फर्डी येत असणार. पण प्रार्थनेतली गुजराती जड, जुन्या वळणाची. आणि ती वीस मोठ्या माणसांच्या मधोमध, कोण हसतंय याकडे कान लावून म्हणायची. अशा वेळी 'मी नाही म्हणणार' हे देवाला सांगितलेलं नसतं. चारचौघांत फजिती होण्याची या वयात जी धास्ती असते, ती आपण मोठे झालो की साफ विसरून जातो. आतल्या खोलीत जाऊन ती काय करत होती, हे तुम्ही तिला विचारलंत का? मोबाइल बघत असेल. किंवा दाराआडून सगळं ऐकतही असेल. दोन्ही शक्य आहे आणि तुम्हाला अजून ते ठाऊक नाही.

मी आमच्या पॅरिशमध्ये रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. जी मुलं मोठ्याने म्हणायला लाजतात, त्यांच्या हातात चिठ्ठी आणि पेन्सिल दिली की ती लिहितात. "पप्पांची नाइट शिफ्ट बंद होऊ दे." "आमच्या बिल्डिंगखालच्या कुत्रीला पिल्लं झालीत, या आठवड्यात पाऊस नको." एका मुलाने नुसतं काहीतरी एका ओळीत लिहिलं आणि चिठ्ठीची इतकी बारीक घडी घातली, की ती कुणी उघडू नये हे वेगळं सांगायला नको. ती घडी तशीच वेदीसमोरच्या टोपलीत गेली. तोच मुलगा मिस्सात तोंड उघडत नाही. त्याच्या आईला वाटतं, याला प्रार्थनेची गोडीच नाही.

म्हणून पहिलं काम, तिच्याशी बोला. समोर बसवून, 'आता सांग, तू असं का केलंस' अशी उलटतपासणी नको. भाजी निवडताना, स्कूटरवरून क्लासला सोडताना, जिथे एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही अशा वेळी विषय काढा. आधी तुमच्याकडचं सांगून टाका: त्या रात्री मी तुला जास्तच बोलले, मला लोकांची लाज वाटली म्हणून बोलले, ते बरोबर नव्हतं. एवढं सांगून थांबा. तिचं उत्तर लगेच येणार नाही. दोन दिवसांनी भलत्याच वेळी, झोपताना वगैरे येईल. तेव्हा ऐकून घ्या, मध्ये सल्ला नको.

याच ठिकाणी आणखी एक सांगते आणि ते हे वाचणाऱ्या प्रत्येक आईबापासाठी आहे. मूल एखाद्या ठिकाणी जायला एकाएकी नको म्हणू लागलं, मग ते चर्च असो, ट्यूशन असो की नातेवाइकाचं घर, तर आधी न घाबरवता सरळ विचारावं: तिथे तुला कुणी त्रास दिला का, नको तसा हात लावला का? तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, तरी विचारा. उत्तर 'हो' आलं तर पॅरिशची अब्रू, ओळखीपाळखी, मोठ्यांचा मान यातलं काहीही मध्ये आणायचं नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक आहे आणि २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली तक्रार करता येते.

आता सक्तीचा प्रश्न. तुमच्या घरात दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या जात आहेत. रविवारची मिस्सा हे कॅथलिकांवरचं बंधन आहे. चर्चचे असे नियम सात वर्षं पूर्ण झालेल्या, समज आलेल्या मुलांपासून लागू होतात. रोझरी, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), क्रुसाची वाट (येशूच्या क्रूसयात्रेच्या चौदा प्रसंगांवरची प्रार्थना) या भक्ती. त्या फार मोलाच्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी आपली माणसं तारली आहेत, पण चर्चने त्या कुणावर लादलेल्या नाहीत. पोप पॉल सहावे यांनी १९७४ साली मारियाभक्तीवर लिहिलेल्या पत्रात हे स्पष्ट म्हटलं आहे: रोझरी ही उत्तम प्रार्थना आहे, पण तिच्याबाबतीत भाविकांना मोकळं वाटलं पाहिजे, तिच्या अंगच्या ओढीने त्यांनी तिच्याकडे यावं. सासूबाईंना हे ऐकून धक्का बसेल. त्यांना सांगताना 'पोप म्हणाले सक्ती नको' असं अर्धं सांगू नका. त्याच पत्रात पोपसाहेबांनी घरातल्या सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणावी असा आग्रहही केला आहे, तेही सांगा.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर अकरा वर्षांच्या मुलीसाठी रविवारची मिस्सा हा घराचा नियम असावा, त्यावर रोज वाद नको, जसा शाळेवर नसतो. रोझरीत मात्र तिचं म्हणणं चालावं. रोज एक रहस्य, म्हणजे एक 'आमच्या बापा' आणि दहा 'नमो मारिया', सगळ्यांनी मिळून. चार-पाच मिनिटांचं काम. उरलेली चार रहस्यं आजी आणि ज्याला वाटेल तो पुढे म्हणेल. मुलीने उठून जायला हरकत नसावी आणि जाताना तिच्या पाठीवर कुणाची नजर नको. पाच मिनिटं मनापासून बसलेलं मूल पंचवीस मिनिटं घड्याळाकडे बघत बसलेल्या मुलापेक्षा जास्त काही घेऊन उठतं, हे मी वर्गात इतक्यांदा पाहिलंय की त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पाचही रहस्यं म्हटलीच पाहिजेत, एरवी रोझरी 'लागत नाही', असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. घरातली प्रार्थना मुलांच्या वयाला बेताची ठेवली म्हणून मारियामाता रुसत नाही.

त्या त्रेपन्नचं बघू. तिने मणी मोजले आहेत, हे तुमच्या लक्षात आलं का? सुरुवातीचे तीन आणि पाच रहस्यांचे पन्नास. कंटाळलेलं मूल मोजत नाही; ज्याला काहीतरी उमजून घ्यायचंय ते मोजतं. प्रश्न खरा आहे आणि अबोला धरण्यासारखा तर मुळीच नाही. तिला उत्तर द्यायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही, खिडकीतून खाली बोट दाखवा. गरब्यात ती काय करते? बे ताळी, त्रण ताळी (दोन टाळ्या, तीन टाळ्या), तेच पाऊल, तोच फेरा, दोन-दोन तास. कुणी तिला विचारत नाही की तेच तेच का. पहिल्या चार फेऱ्यांत ती पावलं मोजते, मग पावलं आपोआप पडू लागतात आणि मन मोकळं होतं. नमो मारिया हे ते पाऊल आहे. ओठ ते म्हणत असतात आणि मनाने तेवढ्यात त्या प्रसंगात जायचं असतं: बेथलेहेमचा गोठा, काना गावचं लग्न, क्रूस खांद्यावर घेऊन चालणारा येशू. प्रसंग डोळ्यांसमोर नसेल, तर मग खरोखर नुसते त्रेपन्न शब्दसमूह उरतात आणि मुलगी बरोबर ठरते.

तेव्हा रहस्याचं नुसतं नाव पुकारून पुढे जाऊ नका. दोन मिनिटं गोष्ट सांगा, किंवा बायबलच्या शुभवर्तमानातल्या त्या चार ओळी मुलीलाच वाचू द्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर २००२मध्ये रोझरीवर पत्र लिहिलं, येशूच्या कार्यकाळातल्या प्रसंगांची, 'प्रकाशाची' पाच रहस्यं त्यातूनच आली. त्याच पत्रात त्यांनी मुलांचा मुद्दा काढला आहे: रोझरी आजच्या मुलांना रुचत नाही असं म्हणतात, पण दोष कदाचित आपण ती ज्या रुक्षपणे म्हणतो त्याचा असेल. रोझरीची मूळ मांडणी सांभाळून, मुलांना ती उमजायला मदत करतील अशी साधनं आणायला त्यांनी मोकळीक दिली आहे.

तुमच्या मुलीसाठी मी सुरुवात येशूच्या जन्म-बालपणाच्या, म्हणजे 'आनंदाच्या', रहस्यांतल्या पाचव्याने करीन. बारा वर्षांचा येशू सणासाठी यरुशलेमला गेलेला, परतताना आईबापांच्या घोळक्यात नाही. तीन दिवसांनी मंदिरात सापडतो, गुरुजनांच्या मध्ये बसून ऐकतोय आणि प्रश्न विचारतोय. मारिया त्याला चारचौघांसमोर विचारते: बाळा, तू आमच्याशी असं का वागलास? त्याचं उत्तर आईबापांना कळत नाही, असं लूकने सरळ लिहून ठेवलंय. तरी तो त्यांच्याबरोबर नासरेथला परत येतो. हा प्रसंग तुम्ही दोघींनी मिळून वाचा. मारिया रागावली होती का, येशूने आधी सांगायला हवं होतं का, असं तिलाच विचारा. तिचं उत्तर काहीही येवो, दुरुस्त करू नका.

आणि सासूबाईंना फातिमाच्या मुलांची एक गोष्ट सांगा. मूर्ती घरोघर नेतो, पण ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १९१७ साली पोर्तुगालमधल्या फातिमाला मारियेचं दर्शन झालं ती तीन मुलं, ल्युसिया, फ्रान्सिस्को आणि जसिंता, सात ते दहा वर्षांची, मेंढरं राखणारी. जेवण झाल्यावर रोझरी म्हणायची, अशी घरच्यांची ताकीद होती. मुलांना खेळायची घाई. त्यांनी युक्ती काढली: प्रत्येक मण्याला नुसतं 'नमो मारिया, नमो मारिया' म्हणायचं, पुढची प्रार्थना सोडून द्यायची आणि दहा मणी संपले की 'आमच्या बापा' एवढे दोनच शब्द. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच रोझरी आटपायची. हे ल्युसियाने स्वतः पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. त्यांतल्या फ्रान्सिस्को आणि जसिंताला २०१७मध्ये चर्चने संत म्हणून जाहीर केलं. खेळाची घाई असलेलं मूल श्रद्धेला पारखं होतं, ही भीती बाळगण्याआधी ही दोन नावं आठवावीत.

गरब्याला जाऊ द्यायचं का, हे तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण पत्रभर तो स्पीकर वाजतोय. माझं उत्तर: जाऊ द्या. बडोद्यात वाढणाऱ्या मुलीच्या मैत्रिणी वर्षातले नऊ दिवस जिथे असतात, तिथून तिला रोझरीच्या नावाने ओढून वर आणलं, तर तिच्या मनात रोझरी म्हणजे खेळातून उठवणारी गोष्ट होऊन बसेल आणि ते मग वर्षानुवर्षं निघत नाही. नऊ दिवस रोझरीची वेळ बदला. सकाळी शाळेची बस यायच्या आधी एक रहस्य, किंवा संध्याकाळी सहाला. आरतीच्या वेळी काय करायचं हे मात्र तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती गोंधळणार नाही: बाजूला, आदराने, शांत उभं राहायचं. प्रसादाबद्दल घराघरांत वेगवेगळी मतं असतात. तुमच्या फादरांशी एकदा बोलून ठरवा आणि तिला कारणासह सांगा. शेजाऱ्याच्या देवाचा मान राखायला शिकलेलं मूल आपल्या देवाकडे जास्त ठामपणे उभं राहतं, असा माझा अनुभव आहे.

सासूबाईंबद्दल. त्यांच्या बोलण्यातली भीती मला समजते आणि ती तुम्हीही समजून घ्यावी असं वाटतं. वसईच्या गावात आळीच्या तोंडाशी क्रूस असतो, चर्चची घंटा घरात ऐकू येते, शेजारपाजार सगळा आपला. तिथे मूल रोझरीला नाही बसलं तरी ते चहूबाजूंनी श्रद्धेतच वाढतं. बडोद्याच्या सोसायटीत तसं काही नाही. त्यांना वाटतं, या चार भिंतींत जे होईल तेवढंच. ही भीती खोटी नाही. तेव्हा त्यांना 'तुमचा काळ गेला' असं कुणी म्हणू नका, यजमानांनीही नाही. त्यांच्याकडे वेगळं काम द्या. लहानपणी त्यांच्या घरी रोझरी कशी व्हायची, कोण पेंगायचं, कोण मार खायचं, कोणतं गीत सगळ्यात आवडायचं, हे त्यांनी नातवंडांना सांगावं. मराठी भक्तिगीतं त्यांना पाठ असणार. दोन गीतं तरी मुलांच्या गळ्यात उतरवावीत. मुलं आज्ञा विसरतात, आजीच्या तोंडचं गाणं विसरत नाहीत. आणि तुमचं ठरलेलं एक रहस्य झाल्यावर मुलगी उठली, तर त्यांनी गप्प राहावं, एवढी विनंती त्यांना यजमानांनी करावी. ती त्यांच्या मुलाकडून आली तर पचेल, सुनेकडून आली तर वाद होईल.

यजमानांना माझ्याकडून एकच: अठराव्या वर्षी निवड करायची तर निवडायला हातात काही असावं लागतं. ज्या मुलीने कधी शांत बसून बघितलंच नाही, ती अठराव्या वर्षी एकाएकी बसणार नाही. पण ते स्वतः आठ वाजता कुठे असतात? पत्रात ते दिसलं नाही. रोझरी म्हणजे बायकांची आणि मुलांची कामगिरी, असं तुमच्या मुलाने आत्ताच टिपलं असेल. बापाने रोज ते एक रहस्य गुडघे टेकून म्हटलं, तर मुलांना वेगळं काही सांगावं लागणार नाही. त्यांना जमत नसेल, मनातून पटत नसेल, तर तसं मुलांना प्रामाणिकपणे सांगावं, पण 'तुमचं चालू द्या' म्हणून टीव्हीचा आवाज बारीक करून बसू नये.

मुलाचं सोपं आहे. सहा वर्षांचं मूल बाकाखाली रांगतं कारण मागच्या बाकावरून त्याला पाठी आणि बूट याशिवाय काहीच दिसत नाही. मागे बसू नका, पुढच्या बाकावर, वेदी दिसेल अशा बाजूला बसा. काय चाललंय ते कानात सांगत राहा: आता वाचन, आता घंटी वाजेल, आता फादर भाकर उचलतील. मिस्साच्या आदल्या दिवशी, चर्च रिकामं असताना, त्याला एकदा घेऊन जा. पवित्र पाण्यात बोटं बुडवू द्या. तो लाल दिवा का तेवत असतो, ते सांगा. भिंतीवरची क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रं त्याच्याबरोबर एकेक बघत फिरा. तुमच्या लक्षात येईल, की तो सगळ्यात जास्त वेळ येशू पडतो त्या चित्रांपाशी थांबतो. तिसरं, सातवं आणि नववं. मुलांना पडणं कळतं. 'परत पडला?' असं विचारतात. त्या प्रश्नावर तुम्हाला प्रवचनाची गरज नाही, नुसतं 'हो, आणि परत उठला' म्हणा.

माना वळवणाऱ्यांची फार फिकीर नको. मुलांच्या मिस्साबद्दल रोमने १ नोव्हेंबर १९७३ रोजी मार्गदर्शिका काढली आहे. मोठ्यांच्या मिस्सात मुलं असतील तर प्रवचनात त्यांच्याशीही बोलावं, अर्पणं वेदीकडे नेण्यासारखी कामं त्यांना द्यावीत, जागा असेल तर वाचनांच्या वेळी त्यांना वेगळं बसवून त्यांना समजेल असं सांगावं, अगदी लहानग्यांना दुसऱ्या खोलीत सांभाळून शेवटी आशीर्वादाला आत आणावं, हे सगळं त्यात आहे. तुमच्या पॅरिशमध्ये असं होत नसेल, तर दोन-तीन आयांनी मिळून फादरांना भेटा आणि महिन्यातल्या एका रविवारी सुरू करू या का, असं विचारा. तक्रार घेऊन जाऊ नका, करायला माणसं घेऊन जा. फादर लोकांना नेहमी माणसांचीच चणचण असते. मुलाचं प्रथम ख्रिस्तशरीर (मिस्सातली पवित्र भाकर पहिल्यांदा घेणं) अजून पुढे आहे, त्याचीही आत्तापासून धास्ती घेऊ नका. पूर्वी त्यासाठी मुलं दहा-बारा, कुठे चौदा वर्षांची होईपर्यंत थांबवत. पोप पायस दहावे यांनी १९१०मध्ये ती अट सैल केली, साधारण सातव्या वर्षापासून, मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे कळलं की पुरे, असं ठरवलं. कुवतीप्रमाणे, हे तिथे मुद्दाम म्हटलेलं आहे.

भाषेचं विचारलंत. बडोद्याचा धर्मप्रांत १९६६ साली मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. तिथल्या चर्चमध्ये गुजराती माणसाच्या शेजारी गोव्याचा, केरळचा, वसईचा माणूस बसतो. कुणाचीच मुलं एका भाषेत प्रार्थना करत नाहीत. मला वाटतं, मिस्साची भाषा जी असेल ती मुलांनी शिकावी, त्यात कमीपणा नाही, शाळेतली गीतं इंग्रजीत म्हणावीत. पण एक 'आमच्या बापा' आणि एक 'नमो मारिया' ज्या भाषेत मूल ताप आल्यावर आईला हाक मारतं, त्या भाषेत असावी. तुमच्या घरी ती मराठी आहे. मोठेपणी हॉस्पिटलच्या बाकावर, रात्रीच्या गाडीत, मनात येईल ती तीच. ती आत्ता रोजच्या त्या एका रहस्यात सहज बसते, वेगळी शिकवणी लागत नाही. गुजराती प्रार्थनेसाठी तिला एखादी मोठी मैत्रीण शोधून द्या, पॅरिशमधल्या तरुणांच्या गटातली कुणी. ती दोन रविवारांत उच्चार बसवून देईल. आईने उच्चार सुधारायला घेतले की पुन्हा तोच ताण.

जी मुलं हसली, त्यांचं काय? त्यांच्या आयांकडे जाऊन भांडू नका. धर्मशिक्षणाच्या शिक्षिकेला एकटीला गाठून काय झालं ते सांगा, मुलीचं नाव वर्गात न घेता तिने सगळ्यांशीच बोलावं. आम्ही शिक्षक मंडळी अशा गोष्टी पुष्कळदा पाहतच नाही, कुणी सांगितल्या तर करतो.

राहिली महिनाअखेरची रोझरी. तिला न्या, पण तिला विचारून आणि काय करायचं ते तिलाच निवडू द्या. पटांगणात मेणबत्त्या वाटायला हात लागतात, मूर्तीसमोर फुलं लावायला लागतात, म्हाताऱ्यांना खुर्च्या द्यायच्या असतात, प्रार्थनेच्या पुस्तिका गोळा करायच्या असतात. हे सगळं भाग घेणंच आहे आणि त्यात उच्चार चुकत नाहीत. तिला रहस्य सांगायचंच असेल, तर संयोजकांना आधी फोन करून विचारा, एक रहस्य मराठीतून चालेल का. वसईची आणखी दोन-चार घरं तिथे असणारच, त्यांनाही बरं वाटेल. हो म्हणाले तर ती आणि आजी मिळून म्हणतील, अर्धं हिने, अर्धं तिने.

आणि ती म्हणाली, 'मी येईन पण म्हणणार नाही', तर तेवढं घ्या. तिथे कुणी विचारलंच की यंदा ही म्हणत का नाही, तर 'यंदा तिच्याकडे मेणबत्त्यांचं काम आहे' असं सांगा आणि हे तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा.